रिकाम्या फळीवरचा वाद

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते तिथे जमिनीचा एक निमुळता पट्टा आहे. त्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. त्या खाडीच्या काठावरच्या एका गावात ही गोष्ट घडली. गावाचं नाव सांगत नाही, कारण वेंगुर्ल्यापासून दाभोळपर्यंत कुठल्याही खाडीकाठी ती घडू शकते.

गावात मासेमारी दोन तऱ्हेची. रापणीवर आणि होड्यांवर ज्यांचं पोट आहे ते वेगळे, आणि हौसेने गरवणारे वेगळे. गरवायला फार काही लागत नाही. तंगूस, शिशाचा तुकडा, गरी आणि जिवंत कोलंबी. हल्ली पोरांकडे रॉड आणि रीळही दिसतं. कांदळवनाच्या मुळांशी चोणक आणि तांबोशी लागतात. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा चोणक. होडी घेऊन खाडीच्या मुखाबाहेर गेलं की सुरमईची आशा.

या गरवणाऱ्यांत आबांना मान होता तो मापामुळे. त्यांच्या पडवीत फणसाच्या लाकडाची एक लांब फळी होती. फळीच्या एका टोकाला लाकडाची उभी पट्टी ठोकलेली, आणि खुणा सुरू होत त्या त्या पट्टीच्या आतल्या अंगापासून. बाहेरून मोजलं तर पट्टीची जाडी माशाला फुकट मिळते, हे आबांनी फळी करतानाच ओळखलं होतं. मासा आणला की ते आधी फळीवर तांब्याभर पाणी ओतत. मग मासा कुशीवर ठेवून त्याचं तोंड हलक्या हाताने मिटत. तोंड पट्टीला नुसतं टेकलं पाहिजे, दाबलं जाता कामा नये. फळीच्या बरोबर वर डोळा आणून आकडा वाचत आणि कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहून ठेवत. बाजूने वाकून वाचलं तर आकडा सरकतो, हे त्यांना ठाऊक होतं. एवढी शिस्त असलेल्या माणसाचं माप गावाने डोळे मिटून मानलं तर त्यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र आबांच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती. ते गरवत ते खाडीतच. चोणकाची शेपटी गोल, तांबोशीची जवळजवळ सरळ कापलेली. अशा माशाची शेपटी कुठे संपते याबद्दल वाद होण्याचं कारणच नाही.

एका वर्षी नवरात्र उलटल्यावर गावातल्या तरुण पोरांनी गरवण्याची स्पर्धा ठरवली. पोरं चांगली होती. त्यांनी विचारही चांगला केला होता: मासा वजनावर नाही तर लांबीवर मोजायचा, म्हणजे तो जिवंत परत सोडता येईल. देवळाजवळच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं, सगळ्यात लांब मासा गरवणाऱ्याला बक्षीस, आणि खाली, माप आबा घेतील. लांब म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे कोणी विचारलं नाही. तोंडापासून शेपटीपर्यंत, त्यात विचारायचं काय, असंच सगळ्यांना वाटलं.

दुपारी पलीकडच्या वाडीतला तांडेल सुरमई घेऊन आला. होडीमागे आमिष ओढत तो मुखाबाहेर गेला होता. सुरमई पाण्याबाहेर फार काळ तग धरत नाही, ती येईपर्यंत मेलीच होती. फळीवर ठेवली तेव्हा आबा पहिल्यांदाच थबकले. सुरमईची शेपटी खोल दुभंगलेली. मधल्या खाचेपर्यंत वाचलं तर ८४ सेंटिमीटर. शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणून वाचलं तर ९२. आबांनी दोन्ही आकडे लिहून ठेवले आणि मनात म्हटलं, दुसरा कोणाचा मासा एवढा मोठा नसेल तर प्रश्नच उरणार नाही.

तासाभराने आबांचा नातू आला. त्याच्याकडे चोणक होता आणि तो जिवंत होता. त्याने तो जाळीच्या पिशवीत, पाण्यातच ठेवून काठापर्यंत आणला होता. फळीवर चोणक ८८ भरला.

८४, ८८ आणि ९२. खाच धरली तर नातू जिंकला, टोकं धरली तर तांडेल.

पुढचा दीड तास त्या काठावर जे झालं ते मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

तांडेल म्हणाला, "शेपटी धरूनच मापूक व्हया आबा. मासो शेपटीच्या टोकाक संपता, खाचेत नाय." त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. नातवाचे मित्र म्हणाले, "खाचेच्या फुडे काय आसा? नुसती दोन टोकां. त्येंका मासो म्हणतत काय?" त्यांचंही चूक नव्हतं. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका भाच्याने मोबाइल काढून वाचून दाखवलं की अमेरिकेतल्या फ्लोरिडात माशाचं तोंड मिटून आणि शेपटीची टोकं एकत्र दाबून एकूण लांबी घेतात. रेडफिश नावाचा त्यांचा लाडका मासा तसाच मापतात, आणि तो १८ ते २७ इंचांच्या मध्ये असेल तरच घरी नेता येतो. तांडेलाची माणसं खूश झाली. तेवढ्यात दुसऱ्या पोराने त्याच राज्याचे नियम पुढे वाचले. सुरमईची तिकडची भाऊबंद, किंग मॅकरेल, तिला किमान २४ इंचांची अट आहे, आणि ते २४ इंच शेपटीच्या खाचेपर्यंत. आता नातवाची माणसं खूश झाली. एकाच राज्याचे नियम दोन्ही बाजूंनी उभे राहिले, कारण तिथे कुठल्या माशाला कुठलं माप लावायचं हे माशागणिक आधीच लिहून ठेवलेलं आहे. या काठावर तेच तर लिहिलेलं नव्हतं.

तांडेलाची मुलगी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होती. ती पुढे झाली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, सुरमई खाचेपर्यंतच मापतत. आमका तसाच शिकवल्यानी."

तांडेलाचा चेहरा उतरला. "तू कोणाच्या बाजूची गो?"

ती शिकलेलं सांगत होती. पण त्या क्षणी तिचं वाक्य ज्ञान म्हणून कोणी ऐकलंच नाही. अर्ध्या लोकांना ते बापाविरुद्धचं वाटलं, अर्ध्यांना आपल्या सोयीचं. मासा समोर पडलेला असताना खरं बोलणाऱ्याचंही खरं राहत नाही. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "माका विचारू नकात. चोणक माझ्या नातवाचो आसा. मी आता खाच म्हटलंय तर घरासाठी म्हटलंय, आणि टोकां म्हटलंय तर लोकांच्या भयान म्हटलंय. माझा तोंड आता चलाचा नाय."

ज्या माणसाचा शब्द शेवटचा मानायचं ठरलं होतं, त्याचाच शब्द निकामी झाला. मग ज्याला जे सुचेल ते तो करू लागला. शिंप्याचा टेप आणून कोणी तो चोणकाच्या फुगीर अंगावरून शेपटीपर्यंत नेला. चोणक ९१ झाला. जाड्या माशाच्या अंगावरून टेप नेला की तो त्याच्या पोटाचा फुगवटाही लांबीत घालतो, म्हणून लांबी नेहमी सपाट फळीवर, सरळ रेषेत घ्यायची असते. दुसऱ्याने चोणकाचा जबडा उघडून पट्टीला लावला. आकडा पुन्हा वाढला. तांडेलाच्या माणसाने सुरमईची शेपटी ओढून धरली आणि ९३ वाचले. दोनच मासे होते, आणि आकडे अर्धा डझन झाले.

एवढ्या वेळात चोणक तीनदा पाण्याबाहेर काढला गेला. पहिल्या वेळी फळी ओली होती. नंतर कोणाला आठवण राहिली नाही. फळी उन्हात तापली होती, हात कोरडे होते. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताने आणि तापल्या लाकडाने तो खरवडून निघतो. शिवाय एकाने जड चोणक नुसत्या जबड्याला धरून फोटोसाठी उभा लटकवला. पाण्यात तोललेलं सगळं वजन त्या एका सांध्यावर आलं. संध्याकाळी पोरांनी त्याला पाण्यात सोडला तेव्हा तो थोडा पुढे गेला, कुशीवर कलला, आणि भरतीबरोबर पुन्हा काठाला आला. पोटाची पांढरी बाजू वर.

मुलीने तेव्हा एकच गोष्ट सांगितली. चोणक जन्मतः नर असतो. काही वर्षं नर म्हणून वावरून, वाढला की मग मादी होतो. एवढा मोठा चोणक म्हणजे बहुतेक मादीच, आणि अशी एक मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. कोणी काही बोललं नाही. बक्षिसाचे पैसे दोघांत वाटले गेले. तांडेल आपला वाटा न घेताच घरी गेला, आणि नातवाने आपला वाटा मंडळाच्या पेटीत टाकला. आनंदासाठी ठरवलेल्या दिवसाने दोन वाड्यांत अबोला आणला.

आता इथे कोणी म्हणेल की माणसं खोटी होती. मला तसं वाटत नाही. टेप अंगावरून नेणारा पोरगा सोडला तर तिथे लबाडी फार थोडी होती. खाचेपर्यंतचं माप खरं, टोकांपर्यंतचंही खरं. संग्रहालयात मासे जपणारे शास्त्रज्ञ तर शेपटी सोडूनच देतात आणि तिच्या बुंध्यापर्यंतच मोजतात, कारण जुन्या नमुन्यांच्या शेपट्या झिजून तुटलेल्या असतात. तलवार मासा वरच्या लांब सोंडेपासून न मोजता खालच्या जबड्यापासून मोजतात. सोंड तुटते, जबडा राहतो. मापं अनेक आहेत, आणि प्रत्येकाला त्याचं कारण आहे. घात झाला तो मासा पाहून माप निवडण्यामुळे.

पावसाळा आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या काठावर ओढलेल्या असतात, जाळी विणायची नि डागडुजीची कामं चालतात. आबांनी त्या दिवसांत नवी फळी केली. जुनी वापरायचं त्यांच्या मनाला पटेना. नव्या फळीच्या खुणा त्यांनी कोरून काढल्या, म्हणजे पाण्याने पुसल्या जाणार नाहीत. दर सेंटिमीटरला बारीक, दर दहाला ठळक. दोन्ही कडांना बोटभर उंच काठ ठेवले, मासा घसरून पडू नये म्हणून. नारळी पौर्णिमा झाली, आणि पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही वाड्यांना रापणीच्या मांगरात बोलावलं. तांडेल येईल की नाही याची खात्री नव्हती. तो आला. मुलगीही सुट्टीला आलेली होती.

आबांनी फळी मधोमध ठेवली. "आज हेच्यावर कोणाचो मासो नाय. आज काय तां बोला. मासो फळयेवर इलो की मग कोणी बोलूचा नाय."

वाद झालाच, आणि मोठा झाला. पण तो वेगळ्या तऱ्हेचा होता. मुलीने मांडलं की शेपटीच्या मध्यापर्यंत मापावं. गोल शेपटीचा मध्य म्हणजे तिचं टोकच, आणि दुभंगलेल्या शेपटीचा मध्य म्हणजे खाच. एकच नियम दोन्ही माशांना लागतो. टोकं किती जोरात दाबली यावर आकडा बदलतो, मध्याला कोणी दाबू शकत नाही. टोकं झिजतात, तुटतात, दुसरा मासा त्यांचा तुकडा तोडतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन २०११ पासून जिवंत सोडलेल्या माशांच्या लांबीचे जे विक्रम नोंदवते तेही शेपटीच्या मध्यापर्यंत मापूनच. तिचं बोलणं गेल्या वर्षीचंच होतं. या वेळी ते ऐकलं गेलं.

मग तांडेल बोलला, आणि मला त्याचं बोलणं फार मोलाचं वाटतं. म्हणाला, "सगळ्यांक सारखोच नियम म्हणतास. पण मी होडयेन भायर जातंय. माका सुरमईच गावतली, ह्या माका आजच म्हायत आसा. खाचेपर्यंत मापलास तर माझी सुरमई आजच आखूड झाली. ह्यो न्याय नाय."

मांगरात शांतता पसरली. रिकाम्या फळीवर वाद घालायचा तो अशासाठी की कोणाला काय लागणार हे कोणालाच ठाऊक नसावं. पण तांडेलाला थोडंफार ठाऊक होतं, आणि त्याने ते लपवून न ठेवता सांगितलं. नातू म्हणाला, "मग चोणकाबरोबर सुरमई मापतासच कशाक?" एवढ्या साध्या गोष्टीकडे गेल्या वर्षी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. सुरमई लांब आणि सडसडीत, चोणक जाडा आणि भारी. दोघांची लांबी एका पारड्यात टाकणंच चूक. ठरलं की चोणकाची स्पर्धा चोणकाशी, तांबोशीची तांबोशीशी, सुरमईची सुरमईशी. माप सगळ्यांना शेपटीच्या मध्यापर्यंत. तांडेलाने मान हलवली.

पुढचं काम भराभर झालं. आकडा दोन खुणांच्या मध्ये पडला तर खालचा धरायचा, वरचा कधीच नाही. मासा एकदाच मापायचा. आकडा दुसऱ्या वाडीच्या माणसाने वाचायचा, मासेवाल्याने तो फक्त ऐकायचा. बर्फात ठेवल्यावर मेलेला मासा थोडा आखडतो, म्हणून सुरमई गरवली की लगेच होडीतच मापायची, आणि त्यासाठी प्रत्येक होडीत पलीकडच्या वाडीचा एक जण आणि एक पट्टी. चोणक पाण्यातच ठेवायचा. फळी भिजवून तयार झाल्यावर ओल्या हातांनी, एक हात पोटाखाली देऊन उचलायचा, डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, मापायचं आणि सोडायचं. फोटो फळीवरच, लटकवून नाही. बराच मोठा चोणक असला तर तो फळीवरही नको, पाण्यातच पट्टी शेजारी धरून अंदाज घ्यायचा, अशीही एक सूचना आली. क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असे दोन्ही चोणक परत सोडावे लागतात, हे मुलीने सांगितलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला की मग तिथे लहान मासा मापताना हात ताणत असेल आणि मोठा मापताना आखडत असेल. अगदी बरोबर. आपला फायदा ज्या बाजूला, त्या बाजूला हात जातो. म्हणूनच आकडा दुसऱ्याने वाचायचा.

एका बाईने विचारलं, "आणि पापलेटाचा काय?" ती बाजारात बसणारी. सप्टेंबर २०२३ पासून राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान पकडायचं नाही, विकायचं नाही. त्याच महिन्यात पापलेटाला राज्यमाशाचा मानही मिळाला. पापलेटाची शेपटी खोल दुभंगलेली, आणि तिचं खालचं टोक वरच्यापेक्षा लांब. मापणाऱ्याच्या मनात आलं तर त्या टोकावर बराच खेळ करता येतो. मुलगी म्हणाली की कायद्याचं माप कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच घ्यायचं. आपली स्पर्धेची रीत तिथे लावायची नाही, आणि कायद्याची इथे आणायची नाही. मत्स्य खात्याच्या कार्यालयातून प्रत्येक जातीचं माप कसं घेतात ते चित्रासह लिहून आणायचं आणि मांगराच्या भिंतीला लावायचं. बाईचं समाधान झालं. मला वाटतं, त्या दुपारी झालेल्या कामांत हे काम सगळ्यात मोठं होतं. स्पर्धा वर्षातून एकदा येते, पापलेट रोज बाजारात येतं. एकदाही अंडी न घातलेलं पापलेट दोन बोटं ताणून मापात बसवलं तर कागदावर कायदा पाळला जातो आणि समुद्रात मासा कमी होतो.

नियम कागदावर उतरले. खाली दोन्ही वाड्यांच्या सह्या झाल्या. आबांनी सही केली नाही, अंगठाही नाही. "मी मापूचंय नाय," ते म्हणाले. "आता मापाक माझी गरज नाय. फळी आसा, कागद आसा. कोणय मापूदे."

हे मला या गोष्टीतलं सगळ्यात अवघड कृत्य वाटतं. आयुष्यभर ज्या गोष्टीने मान दिला ती गोष्ट दुसऱ्यांच्या हाती देऊन बाजूला होणं, तेही रागाने नाही. नियम नीट झाला की पंच कोण आहे याला महत्त्व उरत नाही, आणि पंचालाच ते आधी कळलं.

नवरात्र उलटलं. स्पर्धेच्या दिवशी तांडेल पहाटेच मुखाबाहेर गेला. त्याच्या होडीत साक्षीला होता तो नातवाचा मित्र, गेल्या वर्षी खाचेसाठी भांडलेला. दहाच्या सुमाराला सुरमई लागली. ती होडीत घेताना तांडेलाला दिसलं की शेपटीचं वरचं टोक अर्धं तुटलेलं आहे. खालून दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या माशाने ओढताना तोडलं होतं. मित्राने पट्टी लावली, तोंड मिटलं, खाचेपर्यंत वाचलं: ८७. टोकं धरून मापायचं असतं तर या सुरमईचं काय माप लिहायचं यावर आणखी एक वर्ष भांडण चाललं असतं. मित्राने आकडा मोठ्याने सांगितला, तांडेलाने ऐकला आणि दोघांनी मिळून तो लिहिला. त्या दिवशी सुरमईत तोच पहिला आला.

खाडीत चोणकाची चुरस होती. सकाळी वरच्या वाडीच्या एका पोरीने ७२चा चोणक मापून सोडला होता. ती रॉडने नाही, हातानेच तंगूस सोडून गरवत होती. दुपारी नातवाचा चोणक आला. फळीवर पाणी ओतलं गेलं, फडकं भिजलं. तांडेलाच्या मुलीने वाकून, डोळा बरोबर खुणेच्या वर आणून वाचलं. शेपटीचा मध्य ७१ आणि ७२च्या मध्ये होता, ७२च्या अगदी जवळ. तिने नातवाकडे पाहिलं नाही. "एकाहत्तर," ती म्हणाली.

एक मित्र पुटपुटला, "बहात्तरच आसा गो तो, बघ जरा."

नातू म्हणाला, "खालचो धरूचो. आपणच लिवलाव मा?" त्याने चोणक दोन्ही हातांनी उचलला, पाण्यात नेला, तोंड प्रवाहाकडे करून धरला. माशाने दोनदा कल्ले हलवले, शेपटी झटकली आणि तो कांदळवनाच्या दिशेने खोल गेला. फळीवर तो अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नव्हता. नातवाने वही ओढून स्वतःच्या हाताने ७१ लिहिलं, शेजारी वेळ आणि जागा लिहिली, आणि वरच्या वाडीच्या पोरीला ती पहिली आल्याचं ओरडून सांगितलं.

तेवढ्यात वळणावरून आणखी एक होडी येताना दिसली. होडीत एक जण उभा राहून दोन्ही हात पसरून काहीतरी दाखवत होता. नातवाने तांब्या उचलला आणि पाण्यात गुडघाभर जाऊन हाक मारली, "उचलू नको रे त्येका! पाण्यातच ठेव! फळी भिजवतंय!"